नवीन घराच्या पडद्यांची मापं: आधी रॉड ठरवा, मग टेप काढा

पझेशन मिळालं की वास्तुशांतीची तारीख निघते, आणि तारीख निघाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, पाहुणे यायच्या आत पडदे लागले पाहिजेत बरं का, उघड्या खिडक्या बऱ्या दिसत नाहीत. मग रविवारी सगळे साइटवर, एकजण टेप धरतो, एकजण मोबाइलमध्ये टाइप करतो, खिडकी पाच बाय चार, दार सात फूट, झालं, तिथनंच गाडी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला नाहीतर शहरातल्या राजारामपुरीत, कापड घ्यायला. आणि लावायच्या दिवशी कळतं की हॉलचा पडदा जमिनीपासून वीतभर वर लोंबतोय, बेडरूमचा बेडच्या मागं अडकतोय, आणि एका खिडकीचा बंद केला तरी मधे फट राहतेय.

टेप चुकलेला नसतो हो. मोजलेली वस्तूच चुकीची असते. पडदा खिडकीला लागत नाही, रॉडला लागतो. रॉड खिडकीच्या किती वर, दोन्ही बाजूंना किती बाहेर आणि भिंतीपासून किती पुढं, हे ठरलं की पडद्याचं माप आपोआप येतं, आणि हे ठरलं नसेल तर खिडकी कितीही काटेकोर मोजा, काही उपयोग नाही. खिडकीचं माप लागतं ते फक्त रॉड ठरवायला. पुढचं सगळं याच क्रमानं सांगतो.

मोजायला कधी जायचं

ब्रोशरमधली मापं विसरा. त्यात खिडकी ६० बाय ४८ इंच लिहिलेली असते ती बहुतेक वेळा बांधकामातल्या मोकळ्या जागेची, म्हणजे विटेपासून विटेपर्यंत. त्यात प्लास्टर येतं, मग चारी बाजूंना ग्रॅनाइटची चौकट बसते, आणि हातात राहतं ५७-५८ इंच. सॅम्पल फ्लॅटवरनं मापं आणणाऱ्यांना तर माझा नमस्कारच, तुमच्या फ्लॅटची तीच खिडकी तेवढीच असेल याची कुणी खात्री देत नाही, दोन मजल्यांवरच्या एकाच खिडकीत अर्धा-पाऊण इंच फरक सहज असतो कारण मिस्त्री वेगळा, हात वेगळा.

फायनल माप घ्यायच्या आधी फरशी, स्कर्टिंग, खिडकीची चौकट, स्लायडिंग आणि जाळी बसलेली पाहिजे, आणि पीओपी करणार असाल तर तेही झालेलं पाहिजे. पीओपीनं वरची चार-सहा इंच जागा जाते आणि नेमकी तिथंच तुम्ही रॉड धरलेला असतो. फर्निचर करायचं असेल तर सुताराबरोबर आधी बसा, वॉर्डरोब खिडकीपासून किती लांब थांबणार हे त्याच्याकडनं लिहून घ्या, नाहीतर रॉडच्या एका टोकाला जागाच उरत नाही.

रंगाचं एक लक्षात ठेवा. शेवटचा हात मारायच्या आधी रॉडची भोकं पाडून घेतली तर बरं पडतं. काँक्रीटची धूळ नव्या रंगावर बसली की पुसताना अजून पसरते, आणि एखादं भोक चुकलं तर पुट्टी भरून पेंटर झाकून टाकतो. रंगारी निघून गेल्यावर त्याला एका भोकासाठी परत बोलावून बघा, येतोय का.

सामान

स्टीलचा पाच मीटरचा टेप, पेन्सिल, मास्किंग टेपचं एक रीळ, वही, शिडी आणि हाताखाली एक माणूस. शिवणकामाचा कापडी टेप नको, तो वापरून वापरून ताणलेला असतो आणि साडेसात फुटावर नुसता झोल खातो.

स्टील टेपच्या टोकाला जो हूक असतो तो थोडा पुढंमागं हलतो, लोकांना वाटतं टेप सैल झालाय, ठोकून घट्ट करतात. असं करू नका. तो मुद्दाम तसा केलेला असतो, हुकाच्या पत्र्याच्या जाडीएवढाच हलतो. बाहेरनं अडकवून ओढलं की तो पुढं सरकतो, आतल्या भिंतीला टेकवून दाबलं की मागं, म्हणजे दोन्हीकडं शून्य बरोबर येतं. फक्त तो हूक वाकडा झालेला नाही ना तेवढं बघा, साइटवरचे टेप पडून पडून हमखास वाकलेले असतात, म्हणून आपला घरचा न्या.

चौकटीच्या आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकतो आणि आकडा अंदाजे वाचला जातो. त्यापेक्षा डाव्या बाजूकडनं बरोबर ३० इंचावर पेन्सिलची खूण करा, मग उजवीकडनं त्या खुणेपर्यंत मोजा, आणि बेरीज करा. कोपऱ्यात वाकवायचं कामच नाही.

लिहायचं कसं

सगळं इंचात लिहा. फक्त इंचात. फूट-इंचाच्या लिहिण्यात जेवढे पडदे बिघडलेत तेवढे टेलरच्या हातानं बिघडले नसतील. तुम्ही ४.६ लिहिता, तुमच्या मनात चार फूट सहा इंच, म्हणजे ५४ इंच. तोच आकडा दुकानातल्या पोरानं कॅल्क्युलेटरवर १२ नं गुणला की ५५.२ येतात. आणि ५.१० लिहिलं तर विचारूच नका, तुमचे ७० इंच आणि त्याचे ६१. इंचात लिहिलं की वादच नाही. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच, त्यांच्याशी बोलताना ते ठीक आहे पण पडद्याला पाव इंचाच्या खाली जायची गरज नाही, ब्लाइंड, म्हणजे वर गुंडाळला जाणारा सपाट पडदा, करणार असाल तर गोष्ट वेगळी.

प्रत्येक खिडकीला नंबर द्या आणि पुढं दिशा लिहा. "बेडरूमची खिडकी" असं लिहू नका, घरात बेडरूम दोन आणि खिडक्या चार असतात. आधी रुंदी मग उंची हा क्रम पहिल्या पानावरच लिहून टाका आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. आणि प्रत्येक खिडकीचा एक फोटो काढा, लांबनं, वरचं छत आणि खालची फरशी दोन्ही दिसेल असा, दुकानदारानं विचारलं की "बाजूला काय आहे ओ?" तर सांगता आलं पाहिजे.

दिशा कशासाठी, तर कापड त्यावर ठरतं. पश्चिमेची खिडकी असेल, म्हणजे फुलेवाडी-रंकाळ्याकडं तोंड असलेली, तर उन्हाळ्यात दुपारी चारनंतर तिथं उभं राहवत नाही, तिथं जाड कापड नाहीतर ब्लॅकआउटचं अस्तर घ्या. पावसाळ्यात वारा आणि झड पण बहुतेक नैऋत्येकडनं-पश्चिमेकडनंच येते, तिथं शुद्ध कॉटन घेतलं की जुलै-ऑगस्टमधे ते दमट होऊन बसतं आणि वाळतच नाही, पॉलिस्टर किंवा मिक्स बरं. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असं सगळे म्हणतात, पण आपलं कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै अखेरपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेकडनं जातो, सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतनं तिरकं ऊन आत येतं. झोपायच्या खोलीत उत्तर-पूर्व कोपऱ्याला खिडकी असेल तर आताच विचार करा.

रॉड कुठं बसणार

हे मुख्य. इथं वेळ घालवा, बाकी सगळं बेरीज-वजाबाकी आहे.

उंचीपासून सुरू करू. आपल्याकडच्या फ्लॅटमधे खिडकीचं आणि दाराचं डोकं बहुतेक सात फुटावर, म्हणजे ८४ इंचावर असतं. त्याच्या वर रॉड धरायचा तो साधारण चार ते सहा इंच. कमी धरला तर वरनं उजेडाची पट्टी दिसते. जास्त धरला तर खोली उंच वाटते, त्यामुळं हॉलमधे छताच्या जवळ नेला तरी छान दिसतं, फक्त कापड जास्त लागतं आणि ते काढून धुवायला शिडी लागते, घरात वयस्कर माणसं असतील तर विचार करा.

आता भिंतीवर टकटक करून बघा. खिडकीच्या लगेच वर लिंटेल असतं, साधारण सहा इंचाचं काँक्रीट, तिथं साध्या ड्रिलला घाम फुटतो, हॅमर ड्रिलवालाच बोलवावा लागतो. पण एकदा गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग, बसली की हलत नाही. नवीन बिल्डिंगमधे बाजूची भिंत हलक्या ब्लॉकची असते, लोक त्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात, तिथं उलटं, भोक लोण्यासारखं पडतं आणि जड पडदा ओढला की गिट्टीसकट ब्रॅकेट हातात येतं. त्यासाठी वेगळा, लांब अँकर मिळतो, फिटरला आधीच सांगा भिंत कसली आहे. आणि खिडकीच्या शेजारी स्विचबोर्ड असेल तर त्याच्या बरोबर वरच्या सरळ रेषेत ड्रिल मारू नका, वायरिंगचा पाइप बहुधा तिथनंच वर गेलेला असतो.

बाजूचं. दोन्हीकडं सहा ते आठ इंच रॉड बाहेर काढा, टोकाच्या शोभेच्या टोप्या यात धरायच्या नाहीत, त्यांना अजून दोन-तीन इंच लागतात. हे बाहेर काढणं कशाला, तर पडदा उघडला की त्याचा गोळा कुठंतरी उभा राहणार ना. चार फुटी एक पॅनेल, म्हणजे पडद्याचा एक सुटा भाग, सरकवलं की सहा-आठ इंच जागा खातं, ती जागा भिंतीवर नसेल तर काचेवर येते आणि पाच फुटी खिडकीतला फूट-दीड फूट उजेड कायमचा जातो. पण स्लायडिंग असेल तर जरा सवलत आहे, दोन ट्रॅकच्या स्लायडिंगमधे अर्धी बाजू नेहमी काचेनं बंदच असते, वाऱ्याचं काही अडत नाही. बाजूला भिंत नसेल, खांब असेल, वॉर्डरोब असेल, तर जेवढं मिळतं तेवढं घ्या आणि पडदा एकाच बाजूला सरकणारा करा.

पुढचं अंतर लोक मोजतच नाहीत. खिडकीचा ग्रॅनाइटचा कट्टा आत किती आलाय बघा, कधी अर्धा इंच, कधी दीड. जाळीची फ्रेम, स्लायडिंगचं हँडल, खालचं स्कर्टिंग, हे सगळं भिंतीच्या पुढं असतं आणि पडदा यातल्या सगळ्यात पुढच्या वस्तूच्या अजून इंचभर पुढनं पडला पाहिजे. एकेरी ब्रॅकेट भिंतीपासून तीन-चार इंच पुढं असतं, आतनं नेटचा आणि बाहेरनं जाड असा डबल रॉड असेल तर पाच-सहा. स्प्लिट एसी खिडकीच्या वर असेल तर त्याच्या खाली रॉड ठेवायला आठ-दहा इंच तरी मोकळे आहेत का आणि एसीचा वारा थेट पडद्यावर येऊन पडदा फडफडणार नाही ना, हे त्याच वेळी बघून घ्या.

आता जिथं रॉड येणार तिथं मास्किंग टेपची पट्टी आडवी चिकटवा, जेवढा रॉड तेवढी पट्टी. खोलीच्या दारात जाऊन उभं राहा आणि बघा. घरातल्या सगळ्यांना बोलवून दाखवा. "अजून जरा वर घे की" हे वाक्य भोक पडायच्या आधी ऐकलेलं बरं.

रुंदी आणि उंची मोजणं

पट्टी चिकटली की निम्मं काम झालं. रुंदी म्हणजे त्या पट्टीची लांबी. संपली रुंदी.

उंची तीन ठिकाणी घ्या, पट्टीच्या डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला, रॉडची वरची कड जिथं येणार तिथनं खाली फरशीपर्यंत. नवीन घराची फरशी सपाट असते हा गैरसमज आहे, बाल्कनीकडं तर पाणी जायला मुद्दाम ढाळ देतात, सहा फुटात अर्धा इंच फरक पडलेला दिसेल. जमिनीपर्यंतचा पडदा असेल तर तिन्हीतलं सगळ्यात लहान माप धरा. छताला समांतर रॉड लावायचा की लेव्हल बॉटलनं, असा प्रश्न येतो, कारण छत पण तिरकं असतं. रॉड छताच्या अगदी जवळ असेल तर छत बघून लावा, डोळ्याला तेच दिसतं. लांब असेल तर लेव्हल.

मग बेरीज-वजाबाकी. स्टीलच्या रिंगांचा पडदा असेल तर रॉडच्या वर साधारण इंचभर कापड उभं राहतं, तेवढं मिळवा. खाली जमिनीपासून अर्धा इंच सोडा. आपल्याकडं रोज फरशी पुसतात, पडदा जमिनीला टेकला की काठ चार दिवसात काळा, त्यात पावसाळा. मासिकांतल्या फोटोत पडदे जमिनीवर लोळत असतात, ते फोटोतच राहू देत. रिंगांऐवजी चुण्यांचा पडदा आणि ट्रॅक असेल तर वरचं गणित बदलतं, तिथं ट्रॅकच्या खालच्या कडेपासनं मोजायचं आणि हूक किती खाली बसतो ते टेलर सांगतो.

फक्त खिडकीपुरता पडदा असेल तर खालच्या कट्ट्याच्या चार-सहा इंच खाली येऊ द्या. कट्ट्यावर बरोबर टेकणारा पडदा वाऱ्यानं उचलतो आणि आत कुंडी-बिंडी ठेवली असेल तर पाडतो. खिडकीखाली बेडचा हेडबोर्ड येणार असेल तर पडदा हेडबोर्डच्या मागं किती जाणार ते बघा, मागं चेपला गेला की कधीच नीट सरकत नाही, तिथं आखूडच चांगला.

रेडीमेड घेणार असाल तर

बाजारात रेडीमेड साधारण चार फूट रुंद आणि पाच, सात, नऊ फूट लांब येतात. पाच म्हणजे खिडकी, सात म्हणजे दार, असं दुकानदार सांगतात आणि इथंच गंमत आहे.

खिडकी घ्या. कट्टा जमिनीपासून ३६ इंचावर, डोकं ८४ वर, रॉड ९० वर. पाच फुटी पडद्याचं वरचं टोक ९१ वर, खालचं ३१ वर. कट्ट्याच्या पाच इंच खाली. एकदम बरोबर बसतो.

आता दार. डोकं ८४ वरच, रॉड ९० वर. सात फुटी पडदा म्हणजे ८४ इंच, वरचं टोक ९१, खालचं जमिनीपासून ७ इंच वर. हाच तो घोटे दाखवणारा पडदा, निम्म्या कोल्हापुरात लागलेला दिसेल. दाराला सात फूट, दार सात फूट, बरोबरच की, असं म्हणून घेतलेला. रॉड दाराच्या वर बसतो हे विसरलं की असं होतं. इथं नऊ फुटी घ्यायचा आणि खालनं कापून दुमडून घ्यायचा, उरलेल्या कापडाचे पडदा बांधायचे पट्टे होतात.

शिवून घेणार असाल तर कापडाचा हिशेब

हा हिशेब घरनं करून जा. दुकानात काउंटरवर करायला गेलं की तो "दहा मीटर घ्या, बसतंय" म्हणतो आणि आपण मान हलवतो.

हॉलच्या बाल्कनीचं दार समजा. ७२ इंच रुंद, ८४ उंच. रॉड दोन्हीकडं आठ-आठ इंच बाहेर, म्हणजे ८८. उंची ९०, त्यात वरचा एक इंच मिळवून खालचा अर्धा वजा, तयार पडदा ९०.५ इंच.

चुणी किती पाहिजे? रॉडच्या लांबीच्या दुप्पट कापड धरा, रिंगांच्या पडद्याला ते छान पडतं. दीडपटीला चालतं पण बंद केल्यावर पडदा चादर वाळत घातल्यासारखा सपाट दिसतो. नेटच्या पातळ पडद्याला अडीचपट. म्हणजे आपल्याला ८८ दुणे १७६ इंच रुंदी लागली. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुतेक ४८ इंच असतो, दोन्ही काठ दुमडले की हातात ४४. १७६ भागिले ४४, चार पॅनेल. दोन डावीकडं, दोन उजवीकडं. (अडीच, साडेतीन असं आलं तर वरचा पूर्ण आकडा धरा, अर्धं पॅनेल जोडून शिवलं की जोड दिसतो.)

प्रत्येक पॅनेलची कापायची लांबी म्हणजे ९०.५ अधिक वरची आणि खालची दुमड मिळून दहा-साडेदहा इंच, १०१ धरू. चार पॅनेलचे ४०४ इंच. मीटर करायला ३९.३७ नं भागा, १०.२६ मीटर, म्हणजे साडेदहा मीटर मागायचं.

कॉटन असेल तर आटतं, तीन ते पाच टक्के धरून चला, म्हणजे अकरा मीटर घ्या आणि शिवायच्या आधी पाण्यातनं काढून घ्या. टेलर म्हणेल गरज नाही. पहिल्या धुण्यात ९० इंचाचा पडदा तीन-चार इंच वर जातो तेव्हा टेलर नसतो तिथं.

मोठं डिझाइन असेल तर अजून एक खर्च आहे. फुलाचा नमुना समजा दर २४ इंचांनी परत येतो, तर सगळ्या पॅनेलवर फुलं एका ओळीत यायला प्रत्येक पॅनेल २४ च्या पटीत कापावं लागतं, १०१ च्या जागी १२०. चार पॅनेलला ४८० इंच, सव्वाबारा मीटर. तेवढ्यासाठी दोन मीटर जास्त गेलं. प्लेन कापडाला हा ताप नाही, मला तर मोठ्या हॉलला प्लेनच आवडतं.

रिंगा प्रत्येक पॅनेलला सम संख्येत पाहिजेत, सहा, आठ, दहा. विषम झाल्या की एक काठ भिंतीकडं वळतो आणि एक खोलीकडं, आणि पडदा कायम एका बाजूनं रुसल्यासारखा दिसतो. ४८ पन्ह्याला आठ बरोबर पडतात. रिंगेचं आतलं भोक रॉडपेक्षा अर्धा इंच तरी मोठं असू दे, इंचाच्या रॉडला दीड इंची भोक.

रॉड सहा फुटाच्या वर गेला की मधे एक ब्रॅकेट लागतंच, नाहीतर वाकतो. पण मधल्या ब्रॅकेटवरनं रिंगा पलीकडं जात नाहीत. म्हणून ८८ इंचाच्या रॉडला पडदे मधोमध उघडणारेच करायचे. एका बाजूला सगळा पडदा सरकवायचा असेल तर रॉडचा नाद सोडा, ट्रॅक लावा.

जरा अवघड खिडक्या

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी घरं असतात तिथं भिंत दीड-दोन फूट जाड, खिडकीला लाकडी दारं आणि ती आत उघडणारी. तिथं रॉड खिडकीच्या दारांच्या वर बसला पाहिजे, आणि दार पूर्ण उघडल्यावर भिंतीला टेकतं तिथपर्यंतचं अंतर मोजून रॉड त्याच्याही बाहेर काढावा लागतो, नाहीतर दार उघडताना पडदा अडकतो. जागा नसेल तर जुनीच युक्ती चांगली, खिडकीच्या दारालाच वर आणि खाली प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग दोन हुकांत ताणून त्यात पातळ पडदा ओवायचा. दार उघडलं की पडदा दाराबरोबर जातो. स्प्रिंग मापापेक्षा दोन-तीन इंच आखूड कापायची, तरच ताणली जाते.

स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला लांब पडदा लावूच नका. ओट्यावरच्या खिडकीला ब्लाइंड नाहीतर खालच्या अर्ध्या भागाला छोटा पडदा, पुसता येईल असा.

आतल्या दारांचे पडदे, स्वयंपाकघर-हॉलच्या मधले, हे चौकटीच्या आत लावायचे की बाहेर ते दार कुठं उघडतं त्यावर. खाली उंबरा असेल तर उंबऱ्यापर्यंत नाही, फरशीपर्यंत मोजा आणि इंचभर सोडा, केरसुणी फिरते.

चौकटीच्या आत रोलर किंवा झेब्रा ब्लाइंड बसवायचं असेल तर रुंदीचा हिशेब उलटा होतो, पडद्याला थोडं जास्त चालतं, इथं जास्त अजिबात चालत नाही. रुंदी वर, मधे, खाली घ्या आणि सगळ्यात लहान आकडा द्या. दोन्ही कर्णही मोजा, म्हणजे वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि उलट, दोन्हीत अर्ध्या इंचाच्या वर फरक असेल तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, ब्लाइंड एका बाजूला घासणार, बाहेरनंच लावा. ऑर्डर देताना एक वाक्य लिहून द्या: हे चौकटीचं माप आहे, वजावट तुम्ही करा. तुम्ही पण अर्धा इंच कमी केलं आणि त्यानं पण केलं की दोन्हीकडनं उजेड.

दुकानात आणि फिटिंगला

गांधीनगरला कापड होलसेल मिळतं आणि व्हरायटी भरपूर, पण तिथनं कापड आणून शिवायला वेगळा टेलर बघायचा असतो. राजारामपुरी-लक्ष्मीपुरीत फर्निशिंगवाला घरी येऊन माप घेऊन शिवून लावून देतो, थोडं महाग पडतं. त्याचा माणूस माप घ्यायला आला तरी तुमची वही जवळ ठेवा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. इंचभर फरक आला तर कोण बरोबर हे भांडू नका, "मामा, परत एकदा धरूया की" म्हणा आणि दोघांनी मिळून मोजा. कापड एकदम सगळं एकाच ताग्यातनं कापून घ्या, नंतर एक मीटर आणायला गेलात की रंगात फरक दिसतो. शिलाई पॅनेलवर असते, अस्तराचे आणि रिंगांचे पैसे वेगळे, हे आधीच विचारा. दिवाळी आणि पाडव्याच्या आधी टेलर तारखा देत नाहीत, दिल्या तर पाळत नाहीत, वास्तुशांत त्या दिवसांत असेल तर महिनाभर आधी कापड त्याच्या ताब्यात पाहिजे.

रॉड आधी लावून घ्या, मग पडदे शिवायला टाका. हे जमत असेल तर मास्किंग टेपवरचं माप सोडून द्या आणि प्रत्यक्ष रॉडवरनं परत मोजून तोच आकडा टेलरला द्या, फिटरनं ब्रॅकेट अर्धा इंच वरखाली मारलेलं असतंच. आणि जड कापड असेल तर खालचा काठ टेलरला पक्का शिवू देऊ नका, कच्ची टीप घालून आणायला सांगा. पडदा चार-पाच दिवस नुसता लटकू द्या, वजनानं कापड खाली उतरतं, मग खाली बसून टाचण्या लावा आणि काठ पक्का करून घ्या. टेलर जरा कुरकुर करेल, दोनदा काम पडतं त्याला, त्याचे थोडे जास्त पैसे देऊन टाका.